बोटभर तळ

१

बाटली धड होती, आतलं दूध मात्र फाटलं होतं.

वर तांदळाच्या धुवणासारखं पाणी, खाली घट्ट पांढरा थर, आणि अगदी तळाला काचेला चिकटून बसलेला पारदर्शक तेलाचा एक टपोरा थेंब. सोमवारी सकाळी इस्पितळातून ही बाटली कारखान्यात परत आली, आणि तिच्याबरोबर चार ओळींचं पत्र. दान मिळालेलं एक मूत्रपिंड या दुधावर ठेवून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेलं होतं. वाटेत त्याच्या बारीक नसांत दुधाचे गठ्ठे अडकले. मूत्रपिंड टाकून द्यावं लागलं. ज्यांना ते बसवायचं होतं ते एक शाळामास्तर. शस्त्रक्रियेचे कपडे घालून तयार बसले होते. ते कपडे उतरवून पुन्हा आपल्या रक्त धुण्याच्या यंत्राकडे गेले.

दूध म्हणजे अर्थात खरं दूध नव्हे. फ्लुओरोकार्बन नावाचं एक जड, बिनरंगाचं, बिनवासाचं तेल असतं. त्यात प्राणवायू भरपूर मुरतो. पण पाण्याशी त्याचं हाडवैर. म्हणून अंड्याच्या बलकातलं लेसिथिन घालायचं आणि प्रचंड दाबाखाली तेलाचे इतके बारीक थेंब करायचे की एका केसाच्या जाडीत चारशे मावावेत. मग ते थेंब पाण्यात पसरून राहतात आणि अवयवाला वाटेत श्वास पुरवतात. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे या इमल्शनला दूधच म्हणत. थेंब बारीक आहेत तोवर ते औषध, मोठे झाले की विष.

थेंब बारीक आहेत की नाही हे बघणं ज्यांचं काम, त्या चाचणी विभागाच्या प्रमुख बाई. तोंडावर बाई, पाठीमागे भिंगबाई. त्यांना हे ठाऊक होतं, आणि आतून थोडं आवडायचंही.

साहेबांना सोमवारी संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं. आता घाईत कारण शोधलं की जे हाताला लागतं तेच कारण ठरतं. दाबयंत्राचं एक सील ही बॅच केली त्याच आठवड्यात बदललेलं होतं. बाईंनी लिहिलं, ‘सील झिजल्यामुळे दाब अपुरा पडला असावा.’ साहेबांनी ‘असावा’ खोडून ‘पडला’ एवढंच ठेवलं आणि खाली सही केली.

दाबयंत्र चालवायचे मामा. ते कोणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे मामा होते. एकतीस वर्षं त्या यंत्राची चावी त्यांच्या कमरेला होती. गुरुवारी चार वाजता ती साहेबांच्या टेबलावर ठेवून त्यांनी घरी जायचं, असं ठरलं. मामा एका शब्दानं भांडले नाहीत. उलट सोमवारपासून त्यांनी डबा उघडला नाही, आणि दिसेल त्याला एकच विचारत होते, “मास्तरांचं काही कळलं का?”

गुरुवार उजाडला. सकाळी दहाला बाई खणात पिन शोधत होत्या. पिन सापडली नाही, पण खणाच्या पार मागे सरकलेल्या चार चिठ्ठ्या सापडल्या. प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या मागे राखून ठेवतात. दर आठवड्याला त्यातली एक मापनयंत्रात घालायची आणि आकड्याची चिठ्ठी बाईंच्या खणात टाकायची. बाईंनी त्या वाचायच्या, असा नियम होता. नियम बाईंनीच केला होता. पण पहिल्या दिवशी बॅच पास झाली की पुढच्या चिठ्ठ्या वाचायला कोणाला फुरसत असते?

पहिल्या चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर होतं. पहिला दिवस, थेंब दोनशे नॅनोमीटर. उत्तम.

बाईंनी तारीख आणि बॅचचा नंबर पुन्हा वाचला. दाब अपुरा पडला असता तर थेंब पहिल्याच दिवशी मोठे निघाले असते. ते तर अगदी हवे तसे होते. मामांच्या यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं आणि त्याचा पुरावा बाईंच्या खणात, बाईंच्या अक्षरात, महिनाभर पडून होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि दोर वळला होता त्यांनी स्वतः. चार वाजायला सहा तास होते.

२

साहेबांकडे जाऊन ‘मामांनी केलं नाही’ एवढं म्हणून भागणार नव्हतं. साहेब लगेच विचारणार, “मग कोणी केलं?” त्यांना नाव लागायचं. म्हणून बाई उठल्या आणि आधी कोल्ड रूमकडे गेल्या.

तिथल्या राखणदाराला सगळे थंडोबा म्हणत. बारा महिने अंगात स्वेटर, आणि जिभेवर तेवढा गारवा मात्र नाही.

“या बाई! तुमचे पाय लागले म्हणजे कोणाची तरी विकेट पडणार. सोमवारी मामांची पडली, आज माझी का?”

“तापमानाचे कागद दाखवा. महिन्याभराचे.”

थंडोबाचं हसू जरा आखडलं. कोल्ड रूमच्या दाराशी एक गोल कागद फिरत असे आणि एक सुई त्यावर आठवडाभर तापमानाची रेघ ओढत असे. बाईंनी एकेक कागद उजेडात धरला. दोन आठवड्यांपूर्वीच्या कागदावर बुधवारी सकाळी रेघ खाली घसरून थेट शून्याला टेकली होती.

“हे काय?”

थंडोबानं स्वेटरची बाही ओढून कपाळ पुसलं. “गार हवेचा पंखा चालूच अडकला होता, बाई, बंद होईना. अर्धा तास. आल्याबरोबर सोडवला. कोणाला बोललो नाही.” मग एकदम आवाज खाली आला. “त्यानंच झालं का हो? तीन रात्री झोप नाही मला. तिकडे मामांना शिक्षा झाली, आणि मी गप्प बसलो. बायको म्हणते, काय झालंय सांगा. काय सांगू तिला?”

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. गप्प बसणाऱ्याला बोल लावण्याइतकं त्यांचं स्वतःचं अंगण स्वच्छ नव्हतं.

त्यांनी चारही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. “हे बघा. दूध गोठलं की थेंब एका झटक्यात फुटून एकमेकांत शिरतात. काही बारीकच राहतात, काही एकदम थोराड होतात. मग चिठ्ठीवरच्या या आलेखात उंटाच्या पाठीसारखा एक सोडून दोन उंचवटे दिसतात. इथे चारही चिठ्ठ्यांवर एकच आहे. आणि थेंब बुधवारच्या आधीच्या आठवड्यातही वाढतायत, नंतरच्याही. तुमचा पंखा अडकला हे वाईट झालं, पण दूध त्यानं नाही फाटलं.”

थंडोबानं एवढा मोठा श्वास सोडला की समोर वाफ दिसली. “म्हणजे मी सुटलो?”

“तुम्ही सुटलात. ही बॅच केली त्या सोमवारी मामांना काय काय दिलंत?”

“नेहमीचंच. बॅचचा नंबर ज्याच्यावर असेल ते सगळं ट्रेमध्ये. लेसिथिन, पाणी, क्षार... नऊ बाटल्या. सगळ्या याच खोलीतून. मोजून दिल्या.” जीव भांड्यात पडल्याबरोबर त्याची जीभ पूर्ववत झाली. “आणि मोजायला बाहेर काही शिल्लक राहतं कुठे? तुमचं चाललं तर खुर्च्यासुद्धा आत ठेवाल. मागे माझा डबा टेबलावर दिसला तर तोही उचलून आत ठेवलात. दुपारी जेवायला बसलो तर दात वाजले माझे!”

बाई कसनुसं हसल्या. निघताना त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि शेवटच्या आकड्यावर त्यांची नजर अडकली. थेंब फुटले नव्हते. ते वाढले होते. शांतपणे, शिस्तीत, दर आठवड्याला.

असं वाढायला एकच कारण असतं.

३

कोल्ड रूममधून परतताना मामांच्या खोलीवरूनच जावं लागे. दार उघडं होतं. मामा स्वच्छ फडकं घेऊन यंत्र पुसत होते. पाहुणा यायचा असल्यासारखं एकेक बटण पुसत होते. खरं तर पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायला हवं होतं. बाईंचे पाय दारापाशी थबकले. बावीस वर्षांपूर्वी त्या इथे उमेदवारी करायला आल्या तेव्हा याच माणसानं त्यांना आवाजावरून दाब ओळखायला शिकवलं होतं. तेव्हा मामा त्यांना ‘पोरी’ म्हणायचे. बाई प्रमुख झाल्या त्या दिवसापासून ‘अहो बाई’ म्हणू लागले, आणि बाईंनीही ‘असं काय मामा’ म्हटलं नव्हतं.

त्या आत गेल्या नाहीत. काय तोंड घेऊन जाणार?

आपल्या टेबलाशी बसून त्यांनी चार आकडे एकाखाली एक लिहिले. दोनशे. चारशे पंचवीस. पाचशे सत्तावीस. सहाशे. मग प्रत्येकाचा घन काढला. ऐंशी लाख. पावणेआठ कोटींच्या आसपास. साडेचौदा कोटींच्या वर. साडेएकवीस कोटींच्या वर. दर आठवड्याला जवळजवळ सात कोटींची भर, न चुकता. कागदावर टिंबं मांडली तर पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ आली.

ही रेघ त्यांच्या ओळखीची होती. थेंबांच्या दुनियेतही बळी तो कान पिळी असतं. लहान थेंबातलं तेल कणाकणानं पाण्यात विरघळतं आणि मोठ्या थेंबात जाऊन बसतं. लहान आटत जातात, मोठे फुगत जातात. धक्का नाही, आवाज नाही. हे थांबवायला मुख्य तेलात थोडं दुसरं, आणखी जड फ्लुओरोकार्बन मिसळतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे लहान थेंबालाही आपली जागा सोडता येत नाही. शंभर भागांत पाच भाग, एवढंच. इथे त्याला ‘राखण’ म्हणत.

तर या बॅचमध्ये राखण नव्हती. आणि राखण मोजून घालायचं काम तराजूताईचं.

तराजूताई तिशीची, एकदम काटेकोर. डोळ्यांत पाणी येतानासुद्धा दोन्हीकडून सारखं येतं असं थंडोबा म्हणायचा. बाईंनी प्रश्न विचारताच ते आलंच.

“बाई, मी घातली होती हो! आईशप्पथ. ही बघा काट्याची चिठ्ठी.”

चिठ्ठी बोलत होती. राखण, पाच टक्के, चोख. वेळ शुक्रवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटं.

“मिसळली कशी?”

“नेहमीसारखी. राखण म्हणजे मेणच की. आधी गरम करून पातळ केली, मग मुख्य तेलात ओतली, हलवली. अगदी नितळ झालं. तपकिरी बाटलीत भरलं, नंबर लावला आणि बाटली मामांच्या टेबलावर ठेवून सव्वापाचची बस पकडली. सोमवारी सकाळी त्यांना लागणार होती ना.”

“टेबलावर ठेवलीस? बाहेर?”

“बाहेरच ठेवायची असते ती बाटली. तुम्हीच शिकवलंत.”

हो, त्यांनीच शिकवलं होतं. बाईंनी मान डोलावली. पोरगी खोटं बोलत नव्हती. राखण बाटलीत गेली होती, आणि दुधात पोचली नव्हती. मग अधे-मधे गेली कुठे?

“ती रिकामी बाटली कुठे आहे?”

“मांडणीवरच असेल. बॅच संपेपर्यंत रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत, असा तुमचाच...”

“नियम,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

४

बाटली मांडणीवर मागच्या रांगेत होती. तपकिरी काच, बाहेरून काही दिसत नव्हतं. बाईंनी ती हलवली. रिकाम्या बाटलीचा आवाज आला नाही. टोपण काढून त्यांनी आत बॅटरीचा झोत टाकला.

तळाशी बोटभर जाडीचा पांढरा थर होता. मेणासारखा.

मामांची एक जुनी सवय होती, आणि ती साऱ्या इमारतीला पाठ होती. ते कुठल्याही बाटलीचा तळ कधी ओतायचे नाहीत. ‘कचरा असला तर तळाशीच असतो, बोटभर तळ बाटलीला दान,’ म्हणायचे. म्हणून तराजूताई तेल नेहमी थोडं जास्तच भरायची.

बाईंनी बाटली कोमट पाण्यात उभी केली, पाणी हळूहळू तापवलं. चांगलं चटका बसण्याइतकं पाणी झालं तेव्हा कुठे थर पाघळला. त्यांनी तो ओतून काट्यावर ठेवला, मग चाचणी लावली. जवळजवळ सगळी राखण तिथेच होती. शुक्रवारी तेलात नितळ विरघळलेली राखण सोमवारी मामांनी बाटली कलंडण्याआधी गोठून तळाला बसली होती. मामांनी वरचं तेल ओतलं आणि तळ सवयीप्रमाणे दान केला. काच तपकिरी, त्यांना दिसणार काय?

खोलीतल्या हवेत राखण तेलातून गोठत नाही. गंमत म्हणजे दूध तयार झाल्यावर कोल्ड रूममध्येही गोठत नाही. इतक्या बारीक थेंबात तिला गोठायला सुरुवातच करता येत नाही. पण मोठ्या बाटलीत, दोन दिवस आणि तीन रात्री, सलग गारव्यात?

थंडोबाच्या नऊ बाटल्या. बाईंनी यादी काढली. कोल्ड रूममधून द्यायच्या बाटल्या आठ. नववी तेलाची होती, आणि ती टेबलावर असायला हवी होती. थंडोबानं नंबर बघितला, ट्रेमध्ये ठेवली. सांगितलेलं काम बिचाऱ्यानं केलं.

म्हणजे शुक्रवारी सव्वापाचनंतर कोणीतरी ती बाटली टेबलावरून उचलून कोल्ड रूममध्ये ठेवली होती. खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. थंडोबा शुक्रवारी पाचला जातो. तराजूताई सव्वापाचच्या बसमध्ये. आणि तिसरी किल्ली...

तिसरीचा विचार न करता बाईंनी त्या आठवड्याचा गोल कागद पुन्हा मागवला. दार उघडलं की आत उबदार हवा शिरते आणि सुई जराशी वर उडते. शुक्रवारी सहा वाजून चाळीस मिनिटांवर एक बारीकसा काटा होता. त्यापुढे सोमवारी सकाळपर्यंत सपाट रेघ.

सहा चाळीसला इमारतीत कोण होतं? बाई तरातरा फाटकापाशी गेल्या. पहारेकऱ्यानं वही पुढे केली. त्या शुक्रवारचं पान. बाहेर पडणाऱ्यांच्या सह्या एकाखाली एक. थंडोबा पाच. तराजूताई पाच दहा. मामा साडेपाच. साहेब सहा. सगळ्यात खाली, सहा पन्नासला, शेवटची सही.

“बाई, काय झालं?” पहारेकरी म्हणाला. “बसता का जरा? पाणी आणू?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सही त्यांची स्वतःची होती.

५

आठवलं का? नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. ती संध्याकाळ त्यांना जराही आठवत नव्हती. पण हाताला आठवत होती. जाता जाता दिवे मालवायचे, खिडक्या बघायच्या, आणि टेबलावर जे काही उघडं राहिलं असेल ते उचलून आत, गारव्यात ठेवायचं. लेसिथिन नासतं, दूध नासतं, म्हणून सगळंच आत. बावीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की तो डोक्याला विचारत नव्हता. टेबलावर बाटली दिसली. उचलली. ठेवली. आणि मनाशी म्हटलंही असेल, ‘काय ही माणसं, कशी वस्तू टाकून जातात!’

अति तिथं माती म्हणतात. त्यांच्या काळजीनं एका माणसाचं मूत्रपिंड मातीत गेलं होतं.

साडेतीन वाजले होते. बाई धुण्याच्या खोलीत मोरीपाशी उभ्या होत्या, हातात ती बाटली. काठाला अजून थोडी राखण चिकटली होती. गरम पाण्याचा नळ समोर. दोन मिनिटांचं काम. गोल कागदावरचा काटा कोणाला वाचता येणार होता? थंडोबा सुटल्याच्या आनंदात होता. तराजूताईकडे चोख चिठ्ठी होती. आणि मामा तर स्वतःच मान पुढे करून उभे होते. काही करायचं नव्हतं. नुसतं काही न करता चार वाजू द्यायचे होते.

बाईंचा हात नळावर गेला. खोटं कशाला बोला, गेला. नळ फिरलाही थोडा. पाणी वाफाळत खाली पडायला लागलं.

“बाई, आत येऊ का?”

दारात मामा होते. हातात घडी घातलेला त्यांचा कामाचा झगा.

“हा तुमच्याकडे जमा करायचा ना? साहेब म्हणाले चाचणी विभागात द्या.” त्यांनी झगा ओट्यावर ठेवला, वरून हात फिरवला. तीन दिवसांत गाल आत गेले होते. “मास्तरांचं काही कळलं का?”

“त्यांचं... पुन्हा यादीत नाव घातलंय म्हणे. वाट बघतायत.”

“हं.” मामा म्हणाले. “मी फार आठवून बघतोय हो. सहा फेऱ्या द्यायच्या असतात यंत्रातून. दिल्याच असं वाटतं. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे कुठेतरी चुकलोच असेन मी. तुम्ही काय उगीच लिहाल? माझ्या हातून आजवर मुंगीसुद्धा जाणूनबुजून मेली नाही, आणि आता मास्तरांचं तोंड डोळ्यांसमोर येतं. पाहिलेलं नाही, तरी येतं.”

बाईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. या माणसानं आपली एकतीस वर्षं त्यांच्या एका घाईच्या वाक्यावर विश्वास ठेवून खोटी ठरवली होती. नोकरी गेली तर माणूस उभा राहतो. पण हा घरी जाऊन मरेपर्यंत रोज त्या सहा फेऱ्या मोजत बसला असता.

त्यांनी नळ बंद केला.

“चला मामा,” त्या म्हणाल्या. “चार वाजतायत.”

६

साहेबांच्या खोलीत चौघे होते. साहेब खुर्चीत, बाई उभ्या, आणि बाईंनी मुद्दाम बोलावलेला थंडोबा भिंतीला टेकून. मामांनी कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली. तिचा आवाज झाला तेवढाच.

“साहेब, एक मिनिट,” बाई म्हणाल्या. “माझा अहवाल खोटा आहे.”

त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. पहिल्या दिवशी थेंब दोनशे, म्हणजे यंत्रात दोष नाही. आलेखात एकच उंचवटा, म्हणजे दूध गोठलं नाही. घनांची सरळ रेघ, म्हणजे लहान थेंब आटून मोठे फुगले, म्हणजे राखण नव्हती. काट्याची चिठ्ठी सांगते राखण बाटलीत पडली, बाटलीचा तळ सांगतो ती बाहेर आली नाही. गोल कागद सांगतो दार सहा चाळीसला उघडलं. फाटकाची वही सांगते तेव्हा आत एकच माणूस होतं.

“कोण?” साहेबांनी विचारलं. त्यांना नाव हवंच होतं.

“मी.”

थंडोबाच्या तोंडून ‘अरे बापरे’ निघालं आणि त्यानं ते हातानं झाकलं.

“आणि तेवढंच नाही,” बाई पुढे म्हणाल्या. थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता. “दुसऱ्या आठवड्याची चिठ्ठी मी वाचली असती तर ही बॅच तेव्हाच थांबली असती. मूत्रपिंड वाचलं असतं. चिठ्ठ्या माझ्या खणात होत्या. अर्ध्या तासापूर्वी मी ही बाटली धुऊन टाकणार होते. मामा आले म्हणून धुतली नाही. हेही लिहून घ्या. मास्तरांना आणि इस्पितळाला काय झालं ते मी स्वतः जाऊन सांगणार आहे. मला काढायचं तर काढा, पण आधी ही चावी मामांना परत द्या.”

साहेबांनी बाटली उचलून बघितली आणि परत ठेवली. मग त्यांनी एका बोटानं चावी टेबलावरून मामांच्या बाजूला सरकवली. “तुमचं काय ते मी उद्या ठरवीन, बाई,” ते म्हणाले. “मामा, तुम्ही... माफ करा. ‘असावा’ मी खोडलं होतं.”

मामांनी चावी उचलली नाही. ते बाटली हातात घेऊन बघत होते. तळहातावर धरून, जणू वजन करत.

“तळ मी ओतला नाही,” ते हळूच म्हणाले. “ओतला असता तर...”

“नाही मामा. ती तुमची बरोबर सवय होती. यातला वाटा मी कोणाला देणार नाही.”

“तसं नव्हे.” मामांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. राग नव्हता. “त्या सोमवारी बाटली हातात घेतली तेव्हा ती गार होती. चांगली गार. मला नवल वाटलं. तेलाची बाटली कधी गार नसते. म्हटलं, नवा नियम निघाला असेल. नियम तुम्ही करता, मी कशाला विचारू?”

दिवसभर बाई चिठ्ठ्यांमधून, कागदांमधून, घनांमधून, मेणामधून जे खणून काढत होत्या, ते सोमवारपासून या माणसाच्या तळहातात तयार होतं. दहा पावलांवर. दार उघडं होतं.

“सोमवारी अहवाल लिहिण्याआधी माझ्याकडे आला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं,” मामा म्हणाले. मग बावीस वर्षं मागे गेल्यासारखा त्यांचा आवाज बदलला. “पोरी, नुसतं विचारायचं होतंस गं.”

त्यांनी चावी उचलली, कमरेला लावली आणि झगा आणायला धुण्याच्या खोलीकडे निघून गेले. थंडोबा त्यांच्या मागोमाग गेला. जाताना तो बाईंना म्हणाला, “मामांनी तीन दिवस खाल्लं नाहीये. माझा डबा देतो त्यांना. आज बाहेरच ठेवलाय.” बोलून झाल्यावर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

साहेबांनी एक कोरा कागद पुढे केला. “नवा अहवाल.”

बाई बसल्या. त्यांनी पेन उघडलं. कारणं क्रमानं लिहायची असतात, सगळ्यात मोठं आधी. बाटलीचं कारण त्यांनी दुसऱ्या ओळीसाठी ठेवलं, चिठ्ठ्यांचं तिसऱ्या. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘यंत्र चालवणाऱ्याला मी काहीही विचारलं नाही.’

साहेबांनी वाचलं, पेन उचललं, आणि काही न खोडता सही केली.